कासवाच्या फेरीचं पाणी

१७ मे २००९, रविवार. ड्रम घासायचा आहे.

पाणी उद्या सकाळी येणार, म्हणून ड्रम आजच रिकामा होतो. तळाला गाळ बसतो, तो अधूनमधून काढावाच लागतो. ड्रम आडवा करायचा, कमरेपर्यंत आत शिरायचं, काथ्याने घासायचं आणि मधूनमधून बाहेर येऊन पाठ सरळ करायची. मी पाठ सरळ करत होते तेव्हा मालकांची सून जिन्यावरून खाली आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

मालक गेल्या थंडीत गेले. भाईंदरजवळच्या मुर्धा गावातली ही त्यांची चाळ पाडून आता इमारत होणार आहे, म्हणून सून वरची खोली आवरतेय. तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबांचा मशीन. तूच त्यांना वाचून द्यायचीस ना, तूच ठेव. आमच्यात कोणाला त्यातलं कळत न्हाय."

पिशवीत काय आहे ते न बघताच कळलं. मी हात धुतले आणि पिशवी आत नेऊन ठेवली. ड्रम आधी पुरा केला.

आम्ही रत्नागिरीहून आलो आणि या चाळीत खोली घेतली तेव्हा मालक साठीच्या पुढचे होते. बाप खाडीत मासे धरायचा, हे स्वतः मिठागरावर राबले, आणि मिठागर बंद पडल्यावर घराच्या मागच्या जागेत सहा खोल्या बांधून भाडेकरू ठेवले. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, खांद्यावर लाल रुमाल. चपला कधी घातल्या नाहीत. बोलणं कमी आणि जे बोलतील ते एकदाच. ऐकू आलं नाही तर आपली चूक.

एकदा ते भाईंदर स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर टीव्हीचा रिमोट आणायला गेले. त्या गाडीवर जुने कॅल्क्युलेटर, घड्याळं, चार्जर असं सगळं असायचं. मालक परत आले ते रिमोट न आणता. हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम घेऊन आले, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा, जांभळ्या रंगाचा. त्याच्या पाठीत खेळाची चौकोनी कॅसेट बसायची. कॅसेटवरच्या कागदावर कासवाचं चित्र होतं, आणि तेवढ्याच कारणाने त्यांनी तो घेतला होता. सुनेने पुढचा महिनाभर टीव्हीपर्यंत उठून जाऊन चॅनल बदलले आणि प्रत्येक वेळी काहीतरी बोलली. मालकांनी ऐकून घेतलं.

त्या खेळात रानात आणि पाण्यात फिरून नाना तऱ्हेचे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे असतात. सुरुवातीला तिघांतला एक निवडून घ्यायला मिळतो. मालकांनी अर्थातच कासव घेतलं. निळं, दोन पायांवर उभं राहणारं, शेपटी वळलेली, तोंडाने पाण्याची पिचकारी मारणारं. त्याला नाव द्या असं खेळाने इंग्रजीत विचारलं. मालकांना मराठी वर्तमानपत्र खडाखडा वाचता यायचं, पण इंग्रजी नाही. त्यांनी बटण दाबलं, पडद्यावर ए उमटला. परत दाबलं, परत ए. जागा भरेपर्यंत दाबत राहिले. तेव्हापासून त्या कासवाचं नाव ओळीने दहा ए. मालक त्याला 'आ' म्हणायचे.

खेळातलं सगळं बोलणं इंग्रजीत. मी दहावी शिकलेली, आणि भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात इमर्जन्सी दिव्यांची सोल्डरिंग करायचे, त्यामुळे मशीनमधलं मला कळतं असं मालकांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत असले की दारात येऊन उभे राहायचे.

"काय बोलतंय बघ गो हा मानूस."

मी पीठ लागलेले हात लांब धरून पडदा बघायची. अमक्या गावात जा, तमक्याला भेट, असं काहीतरी असायचं. सांगितलं की निघून जायचे. उगाच उभे राहिले नाहीत की कौतुक केलं नाही. मीही कंटाळा केला नाही, कारण चाळीच्या पाण्याचा कॉक मालकांच्या हातात होता.

खेळ जिंकण्यात त्यांना रस नव्हता. कासवाच्या पाठीवर बसून समुद्रात फिरता येतं असं मी एकदा वाचून दाखवलं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. त्यासाठी बऱ्याच झुंजी कराव्या लागल्या. त्या त्यांनी नाइलाज म्हणून केल्या, तोंड वाकडं करून. झुंजी जिंकल्या की कासव मोठं होऊ बघायचं. पडदा लुकलुकायचा, कासवाचा आकार बदलायला लागायचा. त्याच वेळी बी नावाचं बटण दाबलं तर ते बदलणं थांबतं. मालक दर वेळी दाबायचे. "थांब, थांब. हाय तसा ऱ्हा." पुढे पुढे तर पडदा जरा लुकलुकला की त्यांचा अंगठा आपोआप त्या बटणावर जायचा.

कासव मोठं झालं तर जास्त ताकद येते, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला कॅसेटवरचं चित्र दाखवलं. त्यातल्या मोठ्या कासवाच्या पाठीतून दोन तोफा बाहेर आलेल्या होत्या.

"कासवाला तोफा कनाला?" ते म्हणाले.

आता पाण्याची गोष्ट. मीरा-भाईंदरात राहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. एक दिवसाआड पाणी, तेही सकाळी थोडा वेळ आणि बारीक धारेने. सहा खोल्यांना एकच नळी. मालक कॉकजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि एकेका खोलीची पाळी लावायचे. पूर्वी ते मनाने लावायचे आणि रोज भांडणं व्हायची. कासवाला पोहता यायला लागल्यावर त्यांनी नवी पद्धत काढली. खेळातल्या समुद्रात एक बेट होतं. कासवाने किनाऱ्यावरून निघायचं, बेटाला वळसा घालायचा आणि परत यायचं. एका खोलीला एक फेरी.

पहिले काही दिवस चाळीने डोक्याला हात लावला. मग लक्षात आलं की फेरी साधारण सारखीच वेळ घेते. फक्त एक भानगड होती. समुद्रात मधेच एखादा जंगली प्राणी आडवा यायचा. मग झुंज सुरू व्हायची, किंवा तिथून पळून जावं लागायचं, आणि त्यात वेळ जायचा. तेवढा वेळ ज्याची पाळी असेल त्याला पाणी जास्त. मालक ते कापून घ्यायचे नाहीत. "मधी जनावर आडवा आला. त्याचा नशीब." एवढं बोलून कॉक उघडाच ठेवायचे.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या भाभीच्या नशिबात जनावर कमी यायचं. तिच्या घरात माणसं सात. ती खुर्चीच्या मागे उभी राहून पडद्यावर नजर ठेवायची.

"अंकल, आज आपका कछुआ बहुत जल्दी आ गया. मेरी बाल्टी आधी है."

"कछुआ जल्दी नहीं आता. तेरा बाल्टी बड़ा है."

"कल तो सामनेवाली के टाइम पे दो-दो मछली आई."

"मछली को मैं बोला क्या?"

ती पुटपुटत बादली उचलायची. पण भांडण तिथेच संपायचं, हे खरं. माणसाने कमीजास्त केलं की लोकांना राग येतो. कासवावर रागवून काय करणार.

मशीनच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट असायचं. पुसलं गेलं की मालक परत लावायचे. सुनेला ते आवडत नसे, देवघरातलं कुंकू ते यासाठी वापरायचे म्हणून. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. कोळ्याच्या जाळ्यात कासव आलं तर ते घरी नेत नाहीत. वर घ्यायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि पाण्यात परत सोडायचं. त्या दिवशी परत जाळं टाकायचं नाही.

"मग हे का ठेवलंय?" मी विचारलं.

"सोडीन ना. घाई हाय का?"

असं त्यांनी पुढे दोन-तीन वर्षं म्हटलं. मला वाटतं त्यांना ते मनातून टोचत होतं. एकदा कॉक बंद करता करता, मी काही विचारलं नसताना, ते म्हणाले की त्यांच्या चुलत्याच्या जाळ्यात एक कासव रात्रभर अडकून मेलं होतं. त्यानंतर घरातलं जाळं खुंटीला लागलं ते लागलंच. सगळे मिठावर गेले. एवढं सांगून त्यांनी खुर्ची उचलली आणि घरात गेले.

मग एका सकाळी मशीन चालू केल्यावर जुना खेळ दिसेना. मालकांनी बंद करून परत चालू केलं, तरी नाही. तिसऱ्या वेळी दिसला. तोवर नळाला पाणी आलं होतं आणि पहिल्या दोन खोल्यांनी आपापलं भरून घेतलं होतं. मालकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मशीन घेऊन सरळ माझ्या दारात आले.

मी ते गाळ्यात नेलं. जेवणाच्या सुट्टीत कॅसेटचे स्क्रू काढले. आत बटणासारखा चपटा सेल होता, पट्ट्यांनी पक्का डाग दिलेला. मीटर लावला. सेल जवळजवळ संपला होता. कॅसेट नकली, सेलही हलका. संध्याकाळी मी मालकांना ओट्यावर बसवून समजावलं. मशीनमध्ये आपण घालतो ते पेन्सिल सेल वेगळे. कॅसेटच्या आतला हा सेल वेगळा. कासव कुठे आहे, काय आहे, हे सगळं या सेलवर टिकून राहतं. हा संपला की आतलं सगळं पुसलं जातं.

"म्हंजे मरल."

"पुसलं जाईल."

"तेच ते."

मी म्हटलं, मी नवा सेल लावून देते. जुना काढायच्या आधी बाजूने दुसरा जोडून ठेवला तर बहुतेक वेळा काही जात नाही. माझं रोजचंच काम आहे.

"बहुतेक म्हंजे?"

"कधी हात हलला तर जाऊ शकतं."

"आनि असाच ठेवला तर?"

"तरी जाणार. आज, उद्या, पुढच्या महिन्यात. ते सांगता येत नाही."

ते कॅसेट हातात धरून बसले. मी उठून डाळ गॅसवर ठेवली. मी परत आल्यावर ते म्हणाले, "जाल्यान मरू द्यायचा न्हाय. सोडूया."

भरतीची वेळ बघून रविवारी सकाळी खाडीवर जायचं ठरलं. सून ताट घेऊन आली. ताटात हळदकुंकू आणि नारळ. तिचं तोंड फुगलेलं होतं, पण नारळ तिने निवडून, पाणी वाजवून आणला होता. मी वाचायला. आणि न बोलावता भाभी आली, कारण तिचा प्रश्न तिला महत्त्वाचा होता.

"अंकल, कछुआ चला गया तो पानी का हिसाब कैसे होगा?"

"पहले उसका पानी," मालक म्हणाले. "फिर तुम्हारा."

बांधावर बसून त्यांनी मशीन चालू केलं. जुना खेळ पहिल्याच वेळी दिसला. मग अडचण आली. मालकांचा समज असा की कासवाला समुद्रात न्यायचं आणि तिथेच सोडायचं. खेळात तसं नव्हतं. खेळातल्या गावात एका घरात कॉम्प्युटर असतो, प्राणी सोडायचा तर त्या कॉम्प्युटरवरूनच. मी ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो नियम केला.

"घरान कोन सोडतं कासवाला?"

"काका, इथे तसंच आहे. दुसरा मार्ग नाही."

सून म्हणाली, "बाबा, ओहोटी लागंल."

तेव्हा ते हलले. आधी कासवाला समुद्रात नेऊन त्या बेटाला एक फेरी मारली. मधे एक जनावर आडवं आलं, त्याच्यापासून पळाले. मग गावात आले, त्या घरात गेले, कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. मी सांगत गेले तसं दाबत गेले. शेवटी पडद्यावर प्रश्न आला. मी वाचला. सोडलं तर हा प्राणी परत कधीच मिळणार नाही. सोडायचं?

त्यांनी बटण दाबलं. पडदा मागे गेला. त्यांनी बी दाबलं होतं.

परत सगळं पहिल्यापासून. परत प्रश्न. परत बी. तिसऱ्यांदा मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. अंगठा 'हो' म्हणायच्या ए बटणावर नीट ठेवलेला होता. प्रश्न आला आणि तो सरकला. इतकी वर्षं त्या कासवाच्या बाबतीत पडद्यावर काहीही बदलायला लागलं की तो अंगठा हेच करत आला होता.

"ऐकत न्हाय," मालक म्हणाले. स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते. मशीन माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू दाब."

मी घेतलं नाही. "कासव तुमच्या जाळ्यातलं आहे. मी सोडलं तर ते तुम्ही सोडल्यासारखं होईल का?"

सुनेने ताट खाली ठेवलं.

"उजवा हात काढून घ्या," मी म्हटलं. "मशीन मी धरते. डाव्या हाताचं बोट लावा. त्या बोटाला सवय नाही."

मी मशीन धरलं. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला, खोड्या करणाऱ्या पोराचा धरावा तसा. सुनेने पडद्यावर हळद लावली, कुंकू लावलं. प्रश्न आला. मालकांनी डाव्या हाताचं पहिलं बोट ए वर ठेवलं आणि दाबलं. त्यात कसलीच गडबड झाली नाही.

पडद्यावर एक ओळ आली. दहा ए, आणि पुढे, याला बाहेर सोडलं आहे. त्याखाली निरोपाचा एक शब्द.

"काय बोलतंय?"

"बाहेर सोडलं म्हणतंय."

"बाहेर म्हंजे कुठं?"

मी पडद्याकडे बघितलं. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"समुद्रात," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग नारळ फोडला, पाणी खाडीत ओतलं आणि खोबरं सगळ्यांना दिलं. भाभीला मोठा तुकडा दिला. त्यानंतर त्यांना मशीन चालू करताना कोणी बघितलं नाही. सेल बदलून देऊ का, दुसरं कासव घेता येईल, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "जाल्यान आपनहून येतं ते वेगला. मुद्दाम धराचा नसतं."

पाण्याचं म्हणाल तर पुढच्याच पाळीला जोरदार भांडण झालं. मी माझ्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आणून कॉकशेजारी खिळ्याला लावलं. प्रत्येक खोलीला तेवढीच मिनिटं. सगळ्यांना पटलं. मालकांनी कॉक माझ्याकडे सोपवला, खुर्ची मात्र तिथेच ठेवली आणि पाणी येईल तेव्हा तिच्यावर येऊन बसत राहिले. घड्याळ त्यांना कधी आवडलं नाही.

"त्याच्यान जनावर आडवा येत न्हाय," ते म्हणायचे.

आज दुपारी ड्रम उन्हात उलटा घातला आणि पिशवी उघडली. मशीनच्या सेलच्या खणात पांढरी बुरशी धरली होती. ती व्हिनेगर लावून पुसली, दुकानातून दोन नवे पेन्सिल सेल आणले आणि चालू केलं. पडदा उजळला. जुना खेळ पुढे चालू करायची ओळच नव्हती. नवा खेळ, एवढंच. बंद करून परत चालू केलं. तेच. आतला सेल कधीतरी संपला होता आणि त्याच्याबरोबर ते गाव, ते बेट, तो कॉम्प्युटर, सगळं गेलं होतं.

सून ताक द्यायला आली तेव्हा मशीन माझ्या हातातच होतं. तिने दारातून विचारलं, "आत कासव हाय का?"

"नाही. ते आपण सोडलं होतं ना."

"हां," ती म्हणाली. "मग बरं." आणि भांडं परत घ्यायला थांबली.

वरचं काल लिहिलं. आज सोमवार. सकाळी पाणी यायच्या आधी कॉकजवळचं घड्याळ बघितलं तर बंद पडलेलं. आठवडाभर ते मागे पडत होतं आणि त्यावरून कुरबूर चालू होतीच. मशीनमधले नवे सेल काढले, एक घड्याळात घातला, दुसरा डब्यात ठेवला. मशीन पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. पाणी आलं. पाचवी पाळी भाभीची. तिची वेळ संपली तेव्हा तिची मोठी बादली अर्धी होती. तिने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नळी काढायला वाकली. मी कॉक तसाच उघडा ठेवला.

"भरने दो, भाभी," मी म्हटलं. "बीच में जानवर आ गया."